श्रीपादची वरणाची वाटी

अमेय, रेवा,

तुमचे मामाआजोबा, म्हणजे माझा धाकटा भाऊ श्रीपाद, जाऊन महिना झाला. तुम्ही फोनवर विचारलंत, एवढे मोठे शास्त्रज्ञ, मग शेवटी नीट जेवत का नव्हते? परदेशच्या फोनवर घाईत सांगण्यासारखं ते नव्हतं. शिवाय मी चिडलेले होते. अजूनही आहे, पण आता लिहिता येतंय.

कर्करोगाच्या पेशी काय खातात, हा त्याचा जन्मभराचा विषय. आणि तो समजावायची जागा कुठली, तर पंगत! चामराजपेटेतल्या आमच्या घरी मुंज असो की बारसं, वरणभात वाढला की हा सुरू. प्रथिनं बनतात अमिनो आम्लांची. त्यातलं अस्पॅराजिन आपल्या बहुतेक पेशी घरच्या घरी रांधतात. रक्ताच्या एका कर्करोगातल्या पेशींना ते जमत नाही, त्या रक्तातलं आयतं उचलतात. "म्हणजे खानावळीवर जगतात. खानावळ बंद करा, उपाशी मरतील!" सगळे माना डोलवायचे. ती बंद करायला औषध लागतं, हे यायचं ताकभाताच्या वेळी, आणि तोवर ऐकणाऱ्यांचं लक्ष उडालेलं असायचं.

मग तोच आजार त्यालाच झाला... आणि त्याच्या बायकोने, सुमनने, घरातली डाळ, दूध, दही सगळं बंद केलं. भात आणि दुधीची पाणचट भाजी! डॉक्टर सांगत होते, औषध सोसायला ताकद हवी, प्रथिनं द्या. हा वाळत चालला.

"अरे, शरीर अस्पॅराजिन स्वतःच बनवतं, ताटातून काढून रक्तातलं संपत नाही, एवढं सांग की तिला!"

"सांगितलं, अक्का. ती माझंच भाषण मला ऐकवते."

"मग पुन्हा सांग!"

"नको गं... माझ्यासाठी करण्यासारखं तिच्या हातात एवढंच आहे. तू स्वल्प वरण वाढ."

एखाद्या विद्यार्थ्याने असं लिहिलं असतं तर कागद भिरकावला असता याने! फिरायला जातो सांगून रोज माझ्याकडे यायचा, खोल वाटी भरून घट्ट वरण खायचा. त्या ताकदीवर औषध पुरं झालं. आजार मात्र उलटला. पेशी आता घरी रांधायला शिकल्या, असं तोच म्हणाला.

परवा सुमन आली. मांडणीवरची ती वाटी तिने उचलली. "यातच जेवायचे ना? शर्टाला हिंगाचा वास यायचा."

"ठाऊक होतं, तर घरीच का नाही शिजवलंस?"

"माझ्या हाताने वाढायचा धीर होत नव्हता, अक्का. तुमच्याकडे खातात, म्हणून गप्प राहिले."

म्हणजे या दोघांनी एकमेकांना जपायचं आणि मी चोरून फोडण्या द्यायच्या! वाटी भरून तिच्यापुढे ठेवली.

वाटी माझ्याकडेच आहे. वरण अजून रोज एका वाटीने जास्त होतं.