श्वेता मेस्त्री रिकामी झाली

दिंडोशीच्या कॉलनीत मेस्त्र्यांच्या श्वेताला सगळे चिकट म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतपत मोठ्याने. भिशीत ती नाही, पिकनिकला ती नाही, कुणाच्या बारशाला गेलीच तर हातातलं पाकीट पातळ. तिचा सख्खा भाऊ सिद्धेश पाहुण्यांसमोर म्हणायचा, "आमच्या श्वेताच्या मुठीतून पाणीसुद्धा गळत नाही." पाहुणे हसत. श्वेता चहाचे कप उचलून आत जाई. ती असलं काही मनाला लावून घेत नाही, असा लोकांचा समज होता. तिने त्यातला एकेक शब्द लावून घेतला होता.

पैशाचं वेड तिला सोळाव्या वर्षी लागलं, आणि ते बापामुळे लागलं. चंद्रप्रकाश मेस्त्री कुरिअर कंपनीत होते. पगार त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचा आणि शर्ट खुंटीवर. पण त्या खिशाला हात लावायची बायकोची, रत्नप्रभाची, टाप नव्हती. दुधाला, गॅसला, पोरांच्या वह्यांना, प्रत्येक वेळी मागायचं आणि प्रत्येक वेळी ऐकून घ्यायचं. "कालच दिले ना? खाल्लेस काय?" आई खाली मान घालून उभी असायची आणि श्वेता स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. हे आपल्याला नको, एवढं तिचं तेव्हाच पक्कं झालं.

कॉलनीबाहेरच्या मॅचिंग सेंटरमधून ती साड्या आणू लागली. फॉल लावायचा, बिडिंग करायचं, दुसऱ्या दिवशी परत. कॉलेजातून आली की बोटांत सुई. बुक-कीपिंग शिकवणाऱ्या इरावती टीचर एकदा वर्गात म्हणाल्या होत्या, की तुम्ही आत्ता ठेवलेल्या शंभराला वाढायला जेवढी वर्षं मिळतील तेवढी तुमच्या आईबापांच्या हजाराला मिळणार नाहीत. सगळा वर्ग मागच्या बाकावरच्या भानगडीत होता. श्वेताने ते ऐकलं. टीचरना गाठून तिने म्युच्युअल फंडाचा फॉर्म आणला. वय कमी, म्हणून पालकाची सही हवी होती.

"तुका कित्याक होये पैसे?" चंद्रप्रकाश म्हणाले. पण हसत हसत सही केली. पोरीचा खेळ म्हणून.

दोन वर्षं तिने दर महिन्याला त्यात पैसे टाकले. मैत्रिणी कॉलेजसमोर सँडविच खायच्या, ही घरून डबा आणायची. बाजार तेव्हा चढता होता. तिच्या हिशेबाने वीस हजारांच्या वर रक्कम झाली होती. त्या काळी, त्या घरात, ही काही लहान गोष्ट नव्हती.

अठरा पूर्ण झाल्यावर खातं स्वतःच्या नावावर करून घ्यायला ती गेली. काउंटरवरच्या माणसाने स्क्रीन बघितली आणि म्हणाला, "यात काही शिल्लक नाहीये. पालकांनी मागच्या वर्षी सगळे काढलेत, नंतर येत गेले तेही."

ती घरी आली तेव्हा सिद्धेशची मोटरसायकल खाली उभी होती. त्याच्या एकोणिसाव्या वाढदिवसाला घेतलेली. वर्षभर ती तिच्या शेजारून जात-येत होती, दोनदा मागे बसून क्लासलाही गेली होती. जिना चढता चढता तिला कळलं.

संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर तिने विचारलं.

"घरातला पैसा घरातच गेला," चंद्रप्रकाश म्हणाले. "आकांडतांडव कशाला?"

"तो घरातला नव्हता. माझा होता."

"तू कोणाची?"

"मला विचारलं असतं तर?"

"बापाने मुलीला विचारायचं?" त्यांनी ताट सरकवलं आणि हात उगारला. उगारलेला हात तसाच थांबला, पण थांबला तो श्वेता मागे सरली नाही म्हणून. सिद्धेश भात कालवत होता. आई आमटी वाढत होती. तिने श्वेताच्या वाटीत वाढली, नवऱ्याच्या वाटीत वाढली, मग ती भांडं घेऊन आत गेली.

त्या दिवसापासून श्वेता त्या घरात भाडेकरूसारखी राहिली. अंधेरीच्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये लागली. महिन्याच्या एक तारखेला आपल्या जेवणाखाण्याचे, विजेचे पैसे आईच्या हातात ठेवायची. बापाच्या हातात कधीच नाही. उरलेल्यातले बहुतेक गुंतवायची. बाजार कोसळला तेव्हा ऑफिसातले लोक पैसे काढून पळाले. तिने त्या महिन्यात जास्त टाकले. दोन स्थळं आली. दोघांनीही पगार आधी विचारला, तिनेच नकार कळवला. पुढे सिद्धेशचं लग्न झालं, अक्षता घरात आली, मुलगी झाली, आणि श्वेता हॉलमधल्या दिवाणावर झोपू लागली. आपल्याकडे किती आहे हे तिने कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही.

छत्तिसाव्या वर्षी, मार्च महिन्यात, तिने राजीनामा दिला. मोठी श्रीमंत नव्हती. पण तिच्या साध्या खाण्याराहण्याला जन्मभर पुरेल, इतकं झालं होतं. साहेबांनी विचारलं, "दुसरीकडे किती देतायत?" ती म्हणाली, "कुठेच जात नाहीये." त्यांचा विश्वास बसला नाही.

घरी तिने सांगितलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन पूर्वीसारखीच निघायची. महापालिकेच्या तरणतलावावर नाव घातलं. पहिले पंधरा दिवस कठडा सोडवेना, मग एके दिवशी पाण्यावर पाठ टेकून ती तरंगली आणि वर आकाशाकडे बघत राहिली. दुपारी वाचनालयात बसायची. घरी का सांगितलं नाही? कारण ती त्या घराला ओळखून होती.

फुटलं ते सिद्धेशमुळेच. कांजूरमार्गला फ्लॅट घ्यायचा होता, एकट्याच्या पगारावर लोन बसेना. तिला न विचारताच त्याने सहकर्जदार म्हणून बहिणीचं नाव धरलं आणि पगाराच्या स्लिपा परस्पर मिळतात का बघायला तिच्या ऑफिसात गेला. तिथे कळलं, मॅडम केव्हाच सोडून गेल्या.

"सात महिने!" त्या संध्याकाळी तो दारातूनच ओरडला. "सात महिने नोकरी नाही, आणि रोज डबा घेऊन निघते. कुठे जातेस?"

"पोहायला."

अक्षताला हसू आलं. सिद्धेशला नाही. "आणि खर्चाला पैसे कुठून देतेस?"

"माझ्याकडे आहेत. नोकरी न करता पुरतील इतके."

श्वेताने बघितलं, चौघांच्या चेहऱ्यावर हिशेब सुरू झाला होता. आधी अक्षता बोलली. "मग ताई, पिंकीला शाळेतून तुम्हीच आणा ना. व्हॅनवाल्याला उगाच देतो." मग सिद्धेश. "डाउन पेमेंटचं तू बघ. तुला काय, एकट्या जिवाला." मग चंद्रप्रकाश. "आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. नंतर तीन महिने माणूस लागेल. तू रिकामीच आहेस."

"मी रिकामी नाही," श्वेता म्हणाली. "मी मोकळी आहे. पैसे देणार नाही, व्हॅनचं काम करणार नाही. आईसाठी नर्स ठेवा, अर्धे मी देते."

"माझ्या घरात राहून ही भाषा?"

"राहण्याचे पैसे दिलेत मी. अठरा वर्षं."

"त्या फुटकळ पैशांचं अजून धरून बसलीस?" चंद्रप्रकाश म्हणाले.

म्हणजे त्यांना आठवत होतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, ते विसरले असतील. दुसऱ्या दिवशी ती खोली शोधायला बाहेर पडली.

मुलुंडला एजंटने चार जागा दाखवल्या. तीन ठिकाणी सोसायटीचं अडलं. नवरा नाही ते चालेल, नोकरी नाही ते चालणार नाही. एका सेक्रेटरीने तर सांगितलं, "वडिलांचं पत्र आणा." श्वेता म्हणाली, "त्यापेक्षा फुटपाथ बरा," आणि उतरली. चौथ्या जागेच्या मालकाने अकरा महिन्यांचं भाडं आगाऊ घेतलं आणि काही विचारलं नाही.

बोरिवलीच्या हॉस्पिटलात आईचं ऑपरेशन झालं तेव्हा श्वेता रोज भेटीच्या वेळेला जाई. बाहेरच्या बाकावर बाप असे, ती समोरच्या बाकावर बसे. तिसऱ्या दिवशी गावाकडची माणसं आली होती. चंद्रप्रकाश त्यांना सांगत होते, "आमची श्वेता रिटायर झाली. छत्तिसाव्या वर्षी. पैशाची शिस्त मी लावली तिला, लहानपणापासून. पहिली सही माझी आहे."

श्वेता उठून त्यांच्यापाशी गेली. "खरं सांगतायत," ती पाहुण्यांना म्हणाली. "पहिली सही यांची. आणि माझे पैसे काढून मुलाला गाडी घेतली, ती सहीपण यांचीच. मी सतरा वर्षांची होते. शिस्त लागली ती तेव्हा."

पाहुणे जमिनीकडे बघू लागले. तिला वाटलं होतं, हे बोलून छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. फक्त बोलून झालं.

आत आईला सगळं ऐकू गेलं होतं. "चारचौघांत बोलायला नको होतंस," ती म्हणाली.

"चौघंच होतो तेव्हापण बोलले होते. तू आमटी वाढत होतीस."

रत्नप्रभाने भिंतीकडे तोंड केलं. मग तशीच म्हणाली, "माझ्याकडे तरी कुठे चार पैसे होते, बोलायला?" श्वेता उठली. नर्सचे अर्धे पैसे काउंटरवर भरले आणि निघाली.

चंद्रप्रकाश तिच्याशी बोलत नाहीत, तीही बोलत नाही. अक्षताने नोकरी धरली, तिचा पगार जोडून सिद्धेशने लोन काढलं आणि सगळे कांजूरमार्गला राहायला गेले. रविवारी आईचा फोन येतो. खिडकी उघडली की जवळच्या डंपिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास घरभर होतो, असं ती परवा सांगत होती. श्वेताला ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही. मग तिने विचारलं, गुडघा कसा आहे. आई म्हणाली, वाकतो आता.