लाल जर्सी, जांभळे ठसे

नोकरीत माझ्या हातून एकदाही चुकीचा माणूस धरला गेला नाही, असं मी निरोपसमारंभात माइकवरून ठणकावून सांगितलं होतं. धरला तो निवृत्तीनंतर, मिशिगनमधल्या ट्रॉय गावात, जावयाच्या लोकरी मोज्यांवर चपला घालून. शेजारच्या सत्तरीतल्या आजोबांना त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच खुर्चीत बसून, त्यांनीच दिलेला अ‍ॅपल पाय खात मी संशयित ठरवलं आणि "गाव सोडून जायचं नाही" अशी ताकीद दिली. ती घटना मी केव्हाच विसरले असते, पण घरचे विसरू देत नाहीत. दर नवरात्रात फोनवर कोणीतरी विचारतंच, "काय साहेब, मिळाला का आरोपी?"

तर ऐका.

साल २००८. मी पोलीस निरीक्षक म्हणून नुकतीच निवृत्त झालेले आणि मुलीकडे राहायला आलेले. त्याच वेळी जावयाची आईसुद्धा आली होती, म्हणजे माझ्या विहीणबाई. एका घरात दोन विहिणी. आमचं भांडण मुळीच नव्हतं, त्याहून अवघड गोष्ट होती: आमच्यात शिष्टाचार होता. चहाचा कप आधी कोणी उचलायचा यात चहा गार व्हायचा. आमच्या खोल्या शेजारी-शेजारी, मध्ये एक पातळ भिंत, पण मी त्यांच्या खोलीत पाऊल टाकलं नाही आणि त्यांनी माझ्या. दिवसभर त्या परसात आणि स्वयंपाकघरात असायच्या. मी खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर पाठ करायची. का, ते विचारू नका. सवय.

निवडणुकीचं वर्ष होतं. टीव्हीवर रोज देशाचा नकाशा दाखवायचे, काही राज्यं लाल, काही निळी. पहिल्याच दिवशी मी जावयाला म्हटलं, "अमेरिकेत एवढे कम्युनिस्ट? आणि कोणी बोलत कसं नाही?"

तो हसून सोफ्यावर आडवा झाला. "आई, इथे उलटं आहे. लाल म्हणजे हत्तीवाला पक्ष. गाढववाले ते निळे."

मला हे पटायला जड गेलं. रंग ओळखण्यावर माझी भाकरी होती हो! मिरवणुकीच्या बंदोबस्तात कोपऱ्यावरचा झेंडा कुठल्या रंगाचा ते बघून मी सांगायची की दगड कुठल्या गच्चीवरून येईल. आणि इथे शेजारच्या एकाच हिरवळीवर दोन पाट्या: आजोबांच्या पाटीला लाल फुगा, आजींच्या पाटीला निळा, आणि मध्ये भोपळा. नवरा-बायको रोज संध्याकाळी त्या दोन पाट्यांच्या मधे खुर्च्या टाकून बसायचे. मला वाटलं, हे वरवरचं आहे. आत काहीतरी शिजतंय.

जावई वस्तीतल्या मुलांच्या बेसबॉल टीमचा कोच होता. टीमला रंग लीगवाले चिठ्ठ्या टाकून द्यायचे. त्या वर्षी आमच्या वाट्याला लाल आला. साधे सुती टी-शर्ट, पाठीवर पांढरे नंबर; मॅच झाली की ते कोचकडेच जमा व्हायचे. झालं, पालकांचे फोन सुरू. कोणी म्हणे, "यार, ऑफिसात सगळे विचारतात, तुम्ही त्या साइडचे का?" दुसरा म्हणे, "रेड मस्त आहे, चेंज केलात तर आम्ही मुलगा काढून घेतो." यातल्या निम्म्यांना तिथे मताचा हक्कही नव्हता, व्हिसावर आलेले सगळे. एका रात्री जावयाने फोन ठेवला आणि म्हणाला, "बास. ही लास्ट मॅच. मग कोचिंग सोडलं." विहीणबाई पलीकडे मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मीही त्या गोष्टीची नोंद घेतली नाही, आणि इथेच चुकले.

माझी नात नऊ वर्षांची. आख्खा सीझन तिला मैदानाच्या टोकाला उभं केलेलं, जिथे चेंडू सहसा येत नाही. ती तिथे गवताच्या वेण्या घालायची. पण शेवटच्या मॅचमध्ये पिचर तीच, असं बापाने कबूल केलं होतं. पिचर म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज. पोरगी उशाशी चेंडू घेऊन झोपायची.

बुधवारी सकाळी गॅरेजमधलं टी-शर्टांचं खोकं गायब झालं. मॅच शनिवारी. सगळ्यांचे शर्ट एका रंगाचे नसतील तर टीम बाद, असा लीगचा नियम. नात जिन्यावर बसली आणि मला म्हणाली, "आजी, यू वर पोलीस, राइट? फाइंड देम."

पोलिसाला निवृत्तीनंतर कोणी असं म्हणालं की त्याचं वय उतरतं. मी पदर खोचला आणि गॅरेजचा पंचनामा केला. कुलूप शाबूत, लॉन मूव्हर शाबूत, जावयाचा महागडा ड्रिल शाबूत. चोराने फक्त लाल रंग नेला होता. म्हणजे हेतू राजकीय. तेव्हाच्या माझ्या डोक्याची ही धाव. आज त्या बाईला, म्हणजे मलाच, समोर बसवून मीच तिचा जबाब घेतला असता.

दुपारी खबर आली. समोरच्या घरातली, नागपूरची एक मुलगी. तिचा मुलगा टीममध्ये होता. दबक्या आवाजात फोन केला तिने. "मावशी, मी सांगितलं म्हणून नका सांगू हं. ते बाजूचे आजोबा आहेत ना, सकाळी मोठं खोकं नेताना दिसले. तुमच्याच गॅरेजकडून." खबऱ्या कुठल्याही देशातला असो, पहिलं वाक्य हेच.

आता प्रश्न असा, की आजोबा स्वतः लाल फुगेवाले. लालवाला लाल का चोरेल? मी चहाचे दोन कप रिचवले आणि निष्कर्ष काढला: प्रचारासाठी. शर्ट फाडून पताका करणार. हा निष्कर्ष मी जावयाला ऐकवला तेव्हा त्याने फक्त एवढंच विचारलं, "आई, पोलिसांना 911 तर नाही ना लावला?"

गुरुवारी आजोबांची चौकशी. माझं इंग्रजी बेताचं, त्यांचं ऐकणं बेताचं. ठाण्यात माझी एक पद्धत होती: प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. शांतता माणसाला सहन होत नाही, तो ती भरायला बोलतो आणि बोलता बोलता अडकतो. आजोबांनीही शांतता भरली. मोटारीच्या कारखान्यात दारं बसवण्यात गेलेलं आयुष्य, गुडघ्याचं ऑपरेशन, कुत्र्याचा स्वभाव, सगळं सांगितलं. खोक्याबद्दल अवाक्षर नाही. शेवटी मी लाल फुग्याकडे बोट केलं. "यू टेक शर्ट. फॉर पार्टी. फॉर फ्लॅग."

आजोबा इतके हसले की त्यांना कवळी काढून रुमालात धरावी लागली. ती परत बसवून म्हणाले, "मॅडम, मी सांगू शकत नाही. एका बाईंना शब्द दिलाय."

अर्धा कबुलीजबाबच तो! मी उठले, ताकीद दिली. त्यांनी उभं राहून कडक सॅल्यूट ठोकला, "येस, ऑफिसर!" आणि अ‍ॅपल पायचा उरलेला तुकडा कागदात बांधून दिला. मी तो घेतलाही. आरोपीकडून खाद्यपदार्थ स्वीकारणं हे कुठल्या नियमात बसतं ते देव जाणे.

त्या रात्री नात जेवली नाही. जावई दुकानांना फोन करत होता. शनिवारपर्यंत शर्ट छापून द्यायला कोणी तयार नव्हतं. ती बापाला म्हणाली, "इट्स ओके, बाबा. मी नेक्स्ट इयर पिच करीन." पुढच्या वर्षी तो कोच नसणार, हे तिला माहीत होतं. तिने ते अगदी समजूतदारपणे म्हटलं. रडणाऱ्या मुलाला समजावता येतं, समजूतदार मुलाला काय समजावणार?

शुक्रवारी सकाळी विहीणबाईंनी उपासाची थालीपिठं केली. नवरात्र चालू होतं. त्या नवरात्रातले रंग कडकडीत पाळायच्या. मुंबईची बहीण फोनवर आजचा रंग सांगायची, की विहीणबाई त्याच रंगाच्या साडीत. त्यासाठी त्यांनी आख्खी बॅग आणलेली. माझ्या ताटात थालीपीठ पडलं. त्याच्यावर नेहमीप्रमाणे बोटांनी थापल्याच्या खुणा होत्या, आणि कडेकडेने त्या खुणा चक्क जांभळ्या होत्या.

मी आयुष्यभर ठसेतज्ज्ञांकडे फायली पाठवल्या. इथे ठसे तुपासकट माझ्या ताटात आलेले. मी वर पाहिलं. विहीणबाईंनी हात पदराखाली घेतले. मग मला बुधवार आठवला. बुधवारचा रंग पांढरा होता, आणि विहीणबाई दिवसभर जुन्या कॉफी रंगाच्या साडीत होत्या. नेमाने वागणारा माणूस ज्या दिवशी नेम मोडतो, त्या दिवशी काय घडलं ते आधी तपासायचं, हे मी नव्या पोरींना शिकवत आले. बुधवारी ती साडी मी पाहिली होती. पण विहिणीवर संशय? तो मनात यायच्या आधीच मी त्याला दाराबाहेर उभं केलं होतं.

घरातले सगळे बाहेर पडेपर्यंत मी थांबले. तोवर पुरावा खाल्ला. मग म्हटलं, "थालीपीठ सुरेख झालंय, विहीणबाई. रंग कुठला वापरलात?"

त्यांनी हातातलं उलथनं खाली ठेवलं. "रंगाच्या डब्यावर तर निळाच दाखवला होता हो! शेजारच्या आजींनी दुकानात नेलं, त्यांच्या गॅरेजात मोठं घमेलं होतं. मला वाटलं, लालवरून एवढं रामायण चाललंय, पोरगा कोचिंग सोडायला निघालाय, तर करून टाकू निळे. बाहेर काढले तर हे असे, जांभळ्या वांग्यासारखे! लाल जात नाही, निळा येत नाही. कुठल्या तोंडाने सांगू?"

"आणि आजोबा?"

"त्यांनी फक्त खोकं उचललं. मला उचलेना. कोणाला सांगू नका, असं मी हातानेच सांगितलं त्यांना. तुम्ही त्यांना दम दिलात म्हणे."

त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता, आणि त्यांनी कुंपणावरून मिरच्या आणि टोमॅटोची देवाणघेवाण करत दोन माणसं जोडली होती. मी मात्र गाड्यांचे नंबर पाठ करत बसले होते.

शनिवारी आमची टीम जांभळ्या शर्टांत उतरली. सगळे सारखे नव्हते. कोणाचा पिकल्या जांभळासारखा, कोणाचा कोकम सरबतासारखा. पांढरे नंबर मात्र ठणठणीत. पंचाने चष्मा वर-खाली करून पाहिलं आणि म्हणाला, "पर्पल आहे. सगळेच पर्पल आहेत. प्ले बॉल." फोन करकरून भांडणारे पालक एकमेकांकडे बघत राहिले. जांभळ्यावरून कसं भांडायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आजोबा लाल टोपी घालून, आजी निळी ओढणी गळ्यात घालून आल्या होत्या. ती ओढणी विहीणबाईंची.

आमची टीम सपाटून हरली. पण पहिल्याच डावात नातीने एका दांडगट पोराला सलग तीन चेंडूंवर चकवून बाद केलं. तो तंबूत परतला आणि आमच्या बाकावर असा ओरडा झाला की मी शिट्टी वाजवली. पोलिसी शिट्टी, पर्समध्ये असते अजून. पंचाने मला ताकीद दिली. जावयाने मुलीला खांद्यावर घेतलं आणि पुढच्या सीझनचा विषय स्वतःच काढला.

या केसने मला काय शिकवलं? तपास दुरून सुरू करू नये, ताटापासून करावा. रंगावरून दगड कुठून येणार ते कळतं, माणूस कळत नाही. आणि आजोबांची माफी मागायला मी गेले, तेव्हा त्यांनी दोन्ही हात पुढे करून बेड्या मागितल्या.

त्या संध्याकाळी मी विहीणबाईंना म्हटलं, "तुम्ही मला आधी सांगायचंत तरी. माझी केवढी शोभा झाली." त्या जांभळ्या नखांवर लिंबू चोळत होत्या. म्हणाल्या:

"आख्ख्या गल्लीची चौकशी केलीत, साहेब. खोकं दोन रात्री माझ्या पलंगाखाली होतं, तुमच्या उशापासून भिंतीइतकं लांब. एकदा माझं दार वाजवून बसायला आला असतात, तर मी न विचारता सगळं सांगितलं असतं. या ना आता, चहा टाकते."