फी ज्याची त्यानं आणून द्यायची

बातमी आली तेव्हा मी बाबांना भात भरवत होते. शेजारच्या वैशालीनं दारातूनच सांगितलं, "अगं, कांबळेबाई गेल्या." माझ्या हातातला घास तसाच राहिला. बाबांनी तोंड मिटून घेतलं, ते त्या दिवशी परत उघडलंच नाही.

कांबळेबाई म्हणजे दिंडोशीतल्या आमच्या वसाहतीच्या डॉक्टर. तळमजल्यावर एक गाळा, दोन बाकडी आणि बाईंचा तो खणखणीत आवाज... "घसा दुखतोय ना, मग बडबडतोस कशाला एवढं? आ कर!" मोठ्या हॉस्पिटलांत नुसतं आत पाऊल टाकायचे पैसे घेतात. फी बाईही घ्यायच्या हं, धर्मादाय वगैरे काही नव्हतं. पण घरी येऊन तपासलं तर तिथे एक दमडी घ्यायच्या नाहीत. बरं झाल्यावर पेशंटनं स्वतः चालत जाऊन फी त्यांच्या हातात द्यायची, दुसऱ्या कुणाच्या हातून चालायची नाही. कोणी फी द्यायला निघालं की जिन्यातल्या बायका म्हणायच्या, "चला, खडखडीत बरा झाला!" लहानपणी मला कावीळ झाली होती, तेव्हा मीही मुठीत नोटा घट्ट धरून गेले होते. बाईंनी नोटांकडे बघितलंसुद्धा नाही. दारापासून टेबलापर्यंत मी कशी येते तेवढं बघितलं. "छान चालतेस. पळ आता."

गेल्या वर्षी बाबांना लकवा मारला. उजवा हात-पाय लुळा पडला. व्यायाम शिकवायला माणूस यायचा, बाबा त्याला मालवणीत शिव्या घालायचे. बाई दर आठवड्याला तीन मजले चढून यायच्या, स्वतः धापा टाकत. एकदा न राहवून मी पैसे पुढे केले, तर काय चिडल्या! "तुला कोणी तपासलंय गं?" मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "राणे, फी तुमच्याकडून घेणार मी. वाट बघतेय." बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा म्हणाले, "कपाटातलो माझो शर्ट काढ." काठी, कठडा, माझा खांदा... एकेका पायरीला माझा जीव टांगणीला लागला होता. गाळ्याचं शटर खाली होतं. बाबांनी डाव्या हातानं खिशातली नोट काढली आणि शटरसमोर उभे राहून ढसाढसा रडले. मीही रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "बंद आसा गो. उद्या परत येवया."

आता रोज संध्याकाळी बाबा शर्ट मागतात. खिशात नोट आहे ना, चाचपून बघतात आणि निघतात.