स्वच्छ हाय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही काही ताडकळसला माझ्या किराणा दुकानात येणार नाही.

आईच्या किडन्या गेल्या. मशीनवर जायला सारखं परभणीला जाणं तिला झेपेना, म्हणून डॉक्टरांनी पोटात नळी बसवली. पिशवीतलं औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी ते दुसऱ्या पिशवीत काढून घ्यायचं — घरच्या घरी डायलिसिस. आईला कमी दिसतं, त्यामुळे हे काम माझं. नर्सबाईंनी बजावलं होतं — नळीला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा, निघालेलं पाणी उजेडात धरून बघा, गढूळ दिसलं तर ती पिशवी घेऊन लगेच या.

मला त्या पाण्याची किळस यायची. पिवळसर, कोमट पिशवी — आईच्या पोटाची ऊब हाताला लागली की मी ती झटकन खाली ठेवायचो. मग मी काय करायचो? आधी हात नुसते ओले करायचो — कधी गूळ तोलता तोलता उठून तसाच — आणि नंतर मात्र साबण लावून दोनदा चोळून धुवायचो. तिच्यासाठी नाही. स्वतःसाठी.

दर वेळी ती विचारायची, "पाणी कसं हाय रं?" मी तोंड फिरवून म्हणायचो, "स्वच्छ हाय."

एका बाजाराच्या दिवशी मात्र नजर गेलीच. तांदळाच्या धुवणासारखं पाणी. ही पिशवी मांडीवर घेऊन एसटीत बसायचं? मी म्हणालो, "स्वच्छ हाय," आणि मोरीत ओतून टाकलं. दुपारी तिचं पोट दुखायला लागलं तर ओवा दिला. दुसऱ्या दिवशी ती तापाने फणफणली, पोटाला कुणाला हात लावू देईना, तेव्हा कुठे जीप केली.

डॉक्टरांनी विचारलं, पाणी गढूळ कधीपासून? आणि मी — शी, लिहितानाही स्वतःची घाण वाटते — मी म्हणालो, कालपर्यंत स्वच्छ होतं, पण आई पूजेत विभूती लावते, तोच हात नळीला लागत असेल. आमच्या घरात रोज इष्टलिंगाची पूजा असते. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढल्याशिवाय आईने कधी घास घेतला नव्हता. पण नळी बसवल्यापासून तो हात ती पोटाजवळ नेत नव्हती. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं.

तिने खाटेवरून सगळं ऐकलं. "मी तर जपतच होते रं... लागला असंल का हात?"

मी म्हणालो, "लागला असंल."

पोटात जंतुसंसर्ग झाला होता, नळी काढावी लागली. आता मशीनसाठी तिला गाडीत घालून पुन्हा पुन्हा परभणीला नेतो. परतताना ती ओकते, आणि तुला लय तरास देते म्हणून माझीच माफी मागते.

विभूती तिने सोडली. पूजा करते, पण कपाळ कोरं ठेवून. परवा माझ्या मुलीला जवळ बसवून सांगत होती, "विभूतीला हात लावला की आधी हात धू बाई. म्या न्हाई धुतले, तर तुझ्या बापाच्या जिवाला घोर लागला."

पोरगी उठून साबण लावून हात धुवायला लागली. मी शेजारीच जेवत होतो. ताटातलं सगळं संपवलं.