भंगाळे बाईंचं भिणं

भंगाळे बाई वर्गातलं कपाट उघडण्याआधी त्यावर चप्पल आपटायच्या. आत पाल असेल तर तिला निघून जायला सवड मिळावी म्हणून. रावेरच्या आमच्या शाळेत सगळ्या जगाचा भूगोल शिकवणारी बाई पालीला भिते, याचं आम्हाला भारी हसू यायचं.

शिकवायच्याही त्या भीतीच. खंड कुठलंही असो, पहिला प्रश्न ठरलेला: "इथे माणूस पहिल्यांदा आला, तेव्हा तो कशाला भ्याला असेल?" ऑस्ट्रेलियाच्या धड्याला तर फार हळव्या व्हायच्या. "माणसाहून उंच पक्षी होते गं तिथे. त्यांनी माणूस कधी पाहिलाच नव्हता. बिचारे भ्यालेच नाहीत, उभे राहिले. संपले." मग नकाशा गुंडाळत म्हणायच्या, "भ्यायचं, पोरींनो. पण एकटीने नाही. मिळून भ्यायचं."

बाई आमच्याच, रावेरजवळच्या गावच्या. केळीच्या बागांमधल्या वाटेने एकट्या जायला घाबरायच्या, म्हणून शाळा सुटली की आम्हा चौघींना सोबत घ्यायच्या. मी आठवीत होते, साल पंच्याऐंशीच्या आसपास. एका दुपारी त्या वाटेवर, अगदी समोर, बिबट्या बसलेला. आमच्यातली शोभा मागे पळणार तोच बाईंनी तिची वेणी धरली.

"माय वं! बाई, तो पाहू राहिला आपल्याकडे!"

"पाहू दे. पळू नको. चिकटा मला सगळ्या."

त्यांनी छत्री उघडून पुढे धरली. "ओरडा!" म्हणाल्या, पण काय ओरडायचं ते कुणालाच सुचेना. शेवटी बाईच किंचाळल्या, "आशिया!"

"आफ्रिका!" आम्ही ओरडलो. ऑस्ट्रेलियापर्यंत पोचलो तेव्हा कुठे बिबट्या उठून केळीत शिरला. घरापर्यंत आम्ही तशाच चिकटून गेलो. सगळ्यांत जास्त बाईच रडल्या. त्यानंतर मी त्यांच्या चपलेला कधी हसले नाही.

पुढे काही वर्षांनी बाईंना ऑपरेशनसाठी जळगावला आणलं. मी तिथेच कॉलेजात होते. भेटायला गेले तर त्यांचे हात गार पडलेले.

"फार भीती वाटतेय गं."

खोटा धीर द्यायला मला जमलं नाही. "मलापण, बाई."

त्यांनी खाटेवर सरकून जागा केली. "मग ये. चिकट."

मी चिकटून बसले आणि हळूच म्हणाले, "आशिया." त्या म्हणाल्या, "आफ्रिका." ऑस्ट्रेलिया यायच्या आत स्ट्रेचर आलं.

बाई परत आल्या नाहीत. ऑपरेशन थिएटरच्या बंद दाराबाहेरच्या बाकावर मी उरलेली खंडं म्हणत राहिले, आणि बाईंनी नको सांगितलं होतं तशी, एकटीच भीत बसले.