रहीमूचा शेवटचा आकडा

समजा, तुम्हाला वही-पेन्सिल देऊन सांगितलं, १५४८५८६३ ही संख्या फोडा. म्हणजे अशा दोन संख्या शोधा, ज्यांचा गुणाकार एवढा येतो. दोन, तीन, पाच यांनी जात नाही हे बघताच कळतं. सातानं भागता, तर बाकी एक. फक्त एक! मग अकरा, तेरा, सतरा... असं थेट ३९३१ पर्यंत. आणि कंटाळून बाहेर पडायची सोय नाही.

तेतुआन शहरातल्या रहीमूला ती नव्हती. तिथल्या रिवाजानं नवरा गेला की बाईनं चार महिने दहा दिवस पांढऱ्या कपड्यांत घरातच काढायचे. गल्लीतून भाचीच्या लग्नाचे ढोल गेले, तेही तिनं बंद खिडकीआडून ऐकले. एकदा जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत उतरली, दाराला हात लावला आणि परत वर आली.

तिचे यजमान सी तुहामी शाळेत गणित शिकवायचे. रहीमू सहावीतून काढलेली. मोठाले भागाकार लग्नानंतर त्यांनीच शिकवले. दर शुक्रवारी ते दोन संख्या गुणून उत्तर तिच्यापुढे टाकायचे. कुसकुस तीनदा वाफवून होईतो तिनं ते फोडायचं. फुटलं तर जेवणानंतरचा चहा त्यांनी करायचा. "न फुटणारा आकडा देणं ही लबाडी," असं तेच म्हणायचे, आणि बेचाळीस वर्षांत त्यांनी ती केली नाही.

हा आकडा त्यांनी एका गुरुवारी औषधाच्या खोक्यावर लिहिला.

"अहो, एवढा लांब? कुसकुसचा लगदा होईल!"

"घाई कुठंय? तुला वेळ मिळेल."

शुक्रवार त्यांनी पाहिला नाही. त्या आकड्याचे दोन तुकडे हीच आता त्यांची तिच्याकडे यायची राहिलेली गोष्ट होती. त्यांच्या वहीतल्या यादीप्रमाणे भागून बघायच्या मूळ संख्या होत्या पाचशे सेहेचाळीस. ती रोज चार-पाच उरकायची. दरवेळी काहीतरी उरायचंच.

"यिम्मा, फोनला विचारू? क्षणात सांगेल," मुलगी शामा म्हणाली.

"तुझ्या फोनला दिलाय का त्यांनी? मला दिलाय."

"भिंतींशी बोलायला लागशील अशानं."

"भिंती बऱ्या. मध्ये मध्ये बोलत नाहीत."

घरात बसायच्या शेवटच्या दिवशी शामा निळा कफ्तान घेऊन आली. दार सताड उघडं होतं. रहीमू अजून पांढऱ्यातच, वहीवर वाकलेली. ३९३१ नं भागलं. बाकी १६५४. यादी संपली; यापुढं भागून बघण्यात अर्थ नव्हता.

"चल ना, आत्या खाली थांबल्यात."

"फुटत नाही गं."

शामानं फोन काढून पाहिलं. "बरोबर आहे तुझं. कशानंच जात नाही."

"ते मलाही कळलं." रहीमूनं कफ्तान मांडीवर घेतला, पण उठली नाही. "घाईत एखादा आकडा चुकला असेल त्यांचा? की मी इथं किती दिवस बसणार, हे मोजून दिला असेल?"