अक्का पुढं असायची

गडहिंग्लजच्या स्टँडवर मला सोडायला आप्पा आणि अक्का आले होते. नवरा आधीच इंग्लंडला गेलेला, आणि आठवीत शाळा सुटलेली मी आता एकटी विमानात बसणार होते. एसटी कुठं लागणार हे अक्कानं विचारलं. पुण्याला कधी पोचणार हेही तिनंच. शेवटी, "आप्पा, आता ही परत कधी दिसायची ओ?" हेसुद्धा माझ्या त्या थोरल्या बहिणीनंच विचारलं. आप्पा धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत राहिले.

आमच्या घरात आप्पांना, म्हणजे वडलांना, थेट कुणी काही विचारत नसे. जत्रेला जायचंय, नवी चप्पल पाहिजे, काहीही असो, अक्का पुढं व्हायची. मला तोंड उघडावं लागायचं नाही, चेहरा पडला की तिला कळायचं. आई होती तेव्हा म्हणायची, "ह्या पोरीला भूक लागली तरी दुसऱ्यानं सांगाय पाहिजे. परक्या मुलखात उपाशी मरंल."

इथं मी वृद्धाश्रमाच्या चादरी धुते, इस्त्री करते. दर गुरुवारी लायब्ररीत मार्गारेटबाई फुकट इंग्रजी शिकवतात. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत; माझं दहादा चुकलं तर अकराव्यांदा सांगतात. त्यांनीच सांगितलं, की इंग्रजीत काही क्रियापदं नुसती मदतीची असतात. कॅन, विल, इज. प्रश्न आला की ती उठून कर्त्याच्या पुढं जातात, नकाराचा नॉटही तीच अंगावर घेतात. मुख्य क्रियापद जागचं हलत नाही. मदतीला कुणी नसलं तर डूला बोलावतात. मग काळाचं ओझंही तोच डिड होऊन उचलतो, आणि वेंटचं पुन्हा साधं गो होतं. मला हसू आलं. म्हटलं, ही तर आमची अक्का.

गेल्या हिवाळ्यात आप्पांना कोल्हापूरला दवाखान्यात ठेवलं. फोनवर अक्का ओरडली, "येतीस की न्हाईस? रजा माग की!" मार्गारेटबाईंनी वहीत वाक्य लिहून दिलं, 'कॅन आय गो होम?' कॅन पुढं, गो मागं, सगळं जिथल्या तिथं. इस्त्री करता करता मी ते पाठ केलं. पण मॅनेजरबाई समोर आल्या की मी खाली बघून इस्त्री फिरवत राहायचे. नोकरी जाईल ही धास्ती होतीच. पण खरं सांगू? मी वाट बघत होते. माझा चेहरा बघून त्याच विचारतील, काय झालं गं? नऊ दिवस वाट बघितली. त्या रोज हसून "मॉर्निंग" म्हणायच्या आणि निघून जायच्या. दहाव्या दिवशी आप्पा गेले.

कळल्यावर मॅनेजरबाईंनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, "विचारलं का नाहीस? त्याच दिवशी सोडलं असतं."

माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्या बायांनो, इथली माणसं वाईट नाहीत. आपण न विचारलेलं त्यांना ऐकू येत नाही, एवढंच. न विचारताही जिथं ऐकू यायचं ते घर, हे मला फार उशिरा कळलं.

अक्का अजून फोन करते. ऊस गेला का, म्हैस व्याली का, सगळं सांगते. 'कधी येतीस?' एवढं मात्र विचारत नाही. परवा मीच म्हटलं, "अक्का, मी येऊ का गं?"

पलीकडं साखळी वाजली, ती म्हैस बांधत होती. मग ती म्हणाली, "आत्ता इचारतीस व्हय?"